सटवाईचा लेख आणि डीएनएची लिपी

गेल्या वर्षी एका साहित्यविषयक कार्यक्रमात मी श्रोत्यांत बसलो होतो. एका ज्येष्ठ कवीचा सत्कार होता. प्रास्ताविक करणारे प्राध्यापक म्हणाले, ‘कविता यांच्या डीएनएतच आहे.’ टाळ्या पडल्या. पुढच्या वक्त्याने आपल्याच चळवळीतल्या गटबाजीविषयी खंत व्यक्त केली आणि शेवटी म्हणाला, ‘फूट आपल्या डीएनएतच आहे, त्याला कोण काय करणार?’ लोक हसले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. दोन्ही वेळा माझे हात उठले नाहीत. मी तीस वर्षे विदर्भातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. फळ्यावर डीएनएची पीळदार शिडी किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. पण त्या सभागृहात ऐकलेला डीएनए माझ्या फळ्यावरचा नव्हता. मग तो कुठला होता, याचा शोध मी या लेखात घेणार आहे.

शब्द तपासणे हे समीक्षेचे पहिले काम असते. आपल्या समीक्षेत ‘जातिवंत’ हा शब्द किती सहजपणे वापरला जातो, पाहा. जातिवंत घोडा, जातिवंत आंबा इथपर्यंत समजू शकते. पुढे मात्र जातिवंत गायक, जातिवंत कलावंत, जातिवंत लेखक असे शब्दप्रयोग येतात. ज्या भाषेत ‘जात असलेला’ याचाच अर्थ ‘उत्तम’ असा होतो, त्या भाषेत जात नाकारणाऱ्याने उत्तम कसे व्हायचे? कुलीन, खानदानी, उपजत, रक्तातच आहे, खाण तशी माती, ही सगळी त्याच वाड्यातली नाणी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला शेत आणि पुरुषाला बी ठरवून बीजालाच श्रेष्ठत्व दिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती पोथी जळाली. तिची बी-शेताची भाषा मात्र आपल्या जिभेवर राहिली. आता तिने प्रयोगशाळेतला पांढरा कोट घातला आहे एवढेच. काल जे ‘रक्तात’ होते ते आज ‘डीएनएत’ आले. शब्द नवा असल्यामुळे तो बोलणाऱ्याला आपण विज्ञाननिष्ठ आहोत असे वाटते, आणि ऐकणाऱ्याला वाद घालायला जागाच उरत नाही.

लहानपणी आमच्या घरी मूल जन्मले की पाचव्या दिवशी आजी पाटा-वरवंटा पुजायची. शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते, असे ती सांगायची. जे लिहिले ते पुसता येत नाही. आज लोक डीएनएविषयी बोलतात तेव्हा ते सटवाईविषयीच बोलत असतात, असे मला वाटते. म्हणून हा रेणू प्रत्यक्षात काय करतो, हे आधी साधेपणाने सांगणे भाग आहे.

हा रेणू प्रथम सापडला तोच मुळी पुवात. १८६९ साली फ्रीडरिश मीशर या स्विस संशोधकाने इस्पितळातून आलेल्या जखमेच्या पट्ट्या धुऊन, त्यांवरील पुवातल्या पेशींच्या केंद्रकातून तो वेगळा काढला. शुद्ध बीजाच्या उपासकांनी हे विसरू नये. आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ हाच, याचा भक्कम पुरावा १९४४ साली ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून दिला. १९५३ साली त्याची रचना उलगडली. एकमेकांभोवती पिळलेल्या दोन साखळ्या, आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्यांवर चारच रासायनिक अक्षरे : ए, टी, जी आणि सी. ए समोर टी, जी समोर सी. साखळ्या सुटल्या की प्रत्येकीवरून तिची जोडीदार पुन्हा तयार होते. पेशी दुभंगताना नक्कल तयार होते ती अशी. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात.

या अक्षरांचे काम काय? त्यांतली तीन-तीन अक्षरे मिळून एकेक अमायनो आम्ल सुचवतात. त्या आम्लांची माळ ओवली की प्रथिन तयार होते. माणसात प्रथिने सांगणारी जनुके २० हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांनी एकूण लिपीचा शेकडा दोनाहूनही कमी भाग व्यापला आहे. उरलेल्यातला काही भाग कोणते जनुक केव्हा चालू आणि केव्हा बंद, हे ठरवायला लागतो. तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए तोच असतो. तरी एक पाहते आणि दुसरी पचनाला लागणारे पित्त बनवते. म्हणजे लिपी तीच असली तरी तिच्यातले काय वाचायचे, हे पेशीची अवस्था, शेजारच्या पेशींकडून येणारे संदेश, अन्न, संप्रेरके अशा अनेक गोष्टींवर ठरते. डीएनए स्वतः काहीच करत नाही. त्याची नक्कल करायलाही प्रथिनेच लागतात. बाटलीत भरून ठेवलेला डीएनए शंभर वर्षे तसाच पडून राहील.

त्या लिपीत कोणते प्रथिन, किती, केव्हा आणि कोठे, याविषयीच्या सूचना आहेत. तिच्यात ओवी नाही, पोथी नाही, झाडू नाही आणि गटबाजीही नाही. मनूच्या बी-शेताचा तर तिने पूर्ण निकाल लावला आहे. केंद्रकातला निम्मा डीएनए आईचा आणि निम्मा बापाचा. शिवाय पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि तो आईकडूनच येतो. हिशेबच करायचा झाला तर पारडे ‘शेताचे’ जड भरते.

माझ्या भागातले एक उदाहरण घेतो. विदर्भात सिकलसेल हा आजार घरोघरी ऐकू येतो. गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात त्याचे प्रमाण मोठे आहे. हिमोग्लोबिन हे रक्तात प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमायनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागेसाठी असलेल्या जीएजी या तीन अक्षरांत मधल्या ए ऐवजी टी आला की ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. एवढ्याने प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. दुष्परिणाम घडवून आणणारे अक्षर एकच. डीएनएचे सामर्थ्य मी नाकारत नाही, हे इथे स्पष्ट व्हावे.

आता याच अक्षराची दुसरी बाजू पाहा. ते आई आणि बाप अशा दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो, सहसा निरोगी राहतो आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिले. मग हे अक्षर चांगले की वाईट? जिथे हिवताप आहे तिथे एक उत्तर, जिथे नाही तिथे दुसरे. अक्षराचा अर्थ असा परिस्थितीवर अवलंबून असतो. पुढे आजार जडल्यावर मूल जगणार की मरणार, हे तर त्या अक्षरात नसतेच. वेळेवर तपासणी झाली का, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळतात का, बाप मजुरी बुडवून मुलाला जिल्ह्याच्या गावी नेऊ शकतो का, यावर ते ठरते. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरच्या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. म्हणजे सटवाईचा लेखही आता दुरुस्त करता येतो. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली. ही किंमत कुठल्या जनुकाने ठरवली?

माझ्या एका विद्यार्थिनीचे ठरलेले लग्न ती वाहक आहे एवढ्या कारणावरून मोडले. मुलाकडच्यांनी आपल्या मुलाची तपासणी केलेलीच नव्हती. ती मला विचारायला आली, ‘सर, माझ्या रक्तातच खोट आहे का?’ या प्रश्नात ‘रक्तातच’ हा शब्द तिचा नव्हता. तो तिला समाजाने पुरवलेला होता, आणि आम्ही लेखक-शिक्षकांनी तो टाळ्यांच्या गजरात चालू ठेवला होता.

‘रक्तात’ या शब्दाने आपल्याकडे किती माणसे बरबाद केली, याचा इतिहास फार दूरचा नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच चोर, असे गृहीत धरून त्यांच्यावर हजेरी लादली. तेव्हा डीएनएची रचना कुणाला माहीत नव्हती. रक्ताची भाषा पुरेशी झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. तरी ती नजर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले ते या नजरेवरच बोट ठेवत. ते पुस्तक वाचणाऱ्याला भूक दिसते, पोलिसांची मारहाण दिसते, काम नाकारणारे गाव दिसते. चोरीचे जनुक कुठेही दिसत नाही. आमच्या समीक्षेने मात्र अशा पुस्तकांना ‘रक्तातून आलेले लेखन’ म्हणून गौरवले. हा गौरव मला संशयास्पद वाटतो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, ते रक्तातून आले की विचारातून? ज्या लेखकाने आपले जगणे आठवून, निवडून, शब्दांत बसवून मांडले, त्याच्या बुद्धीचे श्रेय रक्ताला देणे म्हणजे ते श्रेय पुन्हा जातीच्या पदरात टाकणे होय. प्रस्थापितांची प्रतिभा ‘उपजत’ आणि आमची वेदना ‘रक्तातली’. दोन्हीकडे माणसाचे श्रम वजा.

श्रेयाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. डीएनएची रचना उलगडली त्यातही एका व्यक्तीचे श्रम असेच वजा झाले होते. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ साली क्ष-किरणांनी घेतलेले छायाचित्र त्यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवले गेले. फ्रँकलिन १९५८ साली वयाच्या ३७ व्या वर्षी वारल्या. १९६२ साली नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ हे १९६८ सालचे पुस्तक वाचताना त्या बाईंविषयीचा तुच्छतेचा सूर आजही खटकतो. याच वॉटसन यांनी २००७ साली काळ्या माणसांच्या बुद्धिमत्तेविषयी जाहीरपणे हीन उद्गार काढले. रेणूची रचना ओळखणाऱ्याला माणूसही ओळखता येतो असे नाही. म्हणून विज्ञान वाचतानाही आपण समीक्षकच राहिले पाहिजे.

आता ‘गुणवत्ते’कडे येतो. शिक्षकांच्या खोलीत राखीव जागांचा विषय निघाला की कुणीतरी ठेवणीतले वाक्य काढतोच : बुद्धी आनुवंशिक असते, असे शास्त्रच सांगते. शास्त्र काय सांगते ते रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९७० साली बियाण्याच्या दृष्टान्ताने समजावले. मी तो आपल्या मातीत मांडतो. ज्वारीच्या बियाण्याची एक ओंजळ घ्या. अर्धी काळ्या कसदार रानात पेरा, अर्धी मुरमाड माळावर. काळ्या रानातली काही ताटे उंच होतील, काही बुटकी. तिथे जमीन सगळ्यांना सारखीच असल्यामुळे हा फरक बियाण्यातला. माळावरच्या ताटांतला आपसातला फरकही तसाच. पण काळे रान आणि माळ यांच्यातला फरक? तो सगळा जमिनीचा, कारण ओंजळ एकच होती. एका गटाच्या आतला फरक आनुवंशिक असला तरी दोन गटांमधला फरक आनुवंशिक ठरत नाही. हे शेतकऱ्याला न शिकवता कळते. शिक्षकांच्या खोलीत मात्र कळत नाही, कारण कळून घेण्यात नुकसान आहे. याच लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले की माणसामाणसांत जो जनुकीय फरक आहे, त्यातला सुमारे ८५ टक्के फरक कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो.

इथवर टाळ्या देणारे मित्र पुढच्या मुद्द्यावर कदाचित रागावतील. २००१ साली मायकेल बॅमशाद आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या काही जातींच्या नमुन्यांवरून एक निबंध प्रसिद्ध केला. उच्च जातींतल्या पुरुषांची पितृवंशीय जनुके युरोपियांशी अधिक जवळची आहेत, असा त्याचा एक निष्कर्ष होता. तेव्हापासून आपल्या सभांत आणि पुस्तिकांत एक घोषणा घुमते : डीएनएने सिद्ध केले, ते परके आणि आपण मूळचे. या घोषणेमागचा संताप मला कळतो. पण ती आपण सोडून दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण वास्तवाचे. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातले शास्त्रज्ञ आणि हार्वर्डमधले त्यांचे सहकारी यांनी २००९ आणि २०१३ साली भारतातल्या अनेक समूहांचे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांतून दिसले ते असे की तपासलेले जवळजवळ सगळे समूह, ब्राह्मणांपासून दलित-आदिवासींपर्यंत, मिश्र आहेत. पश्चिम युरेशियाशी नाते सांगणारा अंश उच्च जातींत सरासरीने अधिक, इतरांत कमी, पण प्रमाण वेगळे असले तरी मिश्रण सर्वांत आहे. हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले. आणि अगदी मागे गेले तर सगळ्यांचेच पूर्वज आफ्रिकेतून आले.

दुसरे कारण विचाराचे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त इराणातून आलेल्या भटांची मांडणी केली, ती त्या काळी उपलब्ध असलेले हत्यार उलटे फिरवण्यासाठी. बाबासाहेबांनी ते हत्यार तपासले आणि बाजूला ठेवले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी जात म्हणजे वंशभेद नव्हे असे बजावले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेचा वंशवादी उलगडाही नाकारला. माणूस या भूमीवर आधी आला म्हणून त्याचा हक्क, असे आपण म्हणू लागलो तर उशिरा आलेल्याचा हक्क कमी ठरतो. भटक्यांनी मग कुठे जायचे? बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात झाडे, किडे, पशू यांच्या निरनिराळ्या जाती अंगावरच्या खुणांनी ओळखता येतात, माणसांत मात्र तशी खूण नाही, असे समजावले आहे. ती खूण रक्ताच्या नळीत शोधायला आपण का निघावे? समतेसाठी रक्ताचा दाखला लागत नाही.

मग डीएनएतून आपल्याला काहीच मिळत नाही काय? मिळते, आणि ते फार मोलाचे आहे. मिश्रण थांबले, ही त्या अभ्यासांतली खरी बातमी. एका काळी सगळे एकमेकांत मिसळत होते. मग दारे बंद झाली. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील संशोधकांनी २०१६ साली असा अंदाज मांडला की उच्च जातींतले हे बंद होणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचे आहे. म्हणजे जात ही अनादि नाही. तिला सुरुवात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी निबंध वाचला आणि सांगितले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या सक्तीत आहे. डीएनएची रचना कळायला तेव्हा ३७ वर्षे बाकी होती. त्यांनी हे समाजाच्या निरीक्षणातून आणि तर्कातून काढले. शंभर वर्षांनी प्रयोगशाळा तीच साक्ष देते आहे.

ही सक्ती सगळ्यांनाच भोवते. आंध्रातल्या वैश्य जातीत एक आनुवंशिक दोष अधिक आढळतो; त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या विशिष्ट औषधाचा परिणाम लवकर उतरत नाही. बंद दाराआड तीच ती जनुके फिरत राहिली की अशा जोड्या जुळतात. विदर्भातल्या सिकलसेलचे मूळ हिवतापात असले तरी तो ठरावीक समाजांत साचून राहिला, त्यात या बंद दारांचाही वाटा आहे. ज्या व्यवस्थेने ‘रक्तशुद्धी’साठी भिंती बांधल्या, तिने रक्तात साठवले ते हे. डीएनएत जात लिहिलेली नाही. जातीने केलेली नाकेबंदी मात्र तिथे नोंदली गेली आहे. तुरुंगातल्या कैद्याच्या मनगटावर बेडीचे वळ असतात म्हणून बेडी त्याच्या देहाचा अवयव होत नाही, एवढे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

म्हणून लेखकांना आणि वक्त्यांना माझी विनंती आहे. ‘डीएनएतच आहे’ हे वाक्य, स्तुतीत असो की निंदेत, आपल्या लेखनातून काढून टाका. कवीने पन्नास वर्षे वाचले, जागला, खोडले, पुन्हा लिहिले, तेच सांगा. चळवळ फुटली असेल तर कुणाच्या स्वार्थाने आणि कुणाच्या चुकीने फुटली, ते नावानिशी सांगा. डीएनएवर टाकलेली जबाबदारी कुणाचीच राहत नाही. शिक्षकांना विनंती अशी की आनुवंशिकतेचा धडा वाटाण्याच्या शेंगेपाशी संपवू नका. तो वर्गातल्या मुलांच्या आडनावापर्यंत न्या.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी उत्तर दिले ते फळ्यावर. चार चौकोन काढले. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण मोकळी. दोघांपैकी एकच वाहक असेल तर आजाराचा चौकोन उरतच नाही. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, ‘म्हणजे आधी त्यालाही तपासायला हवे होते?’ मी म्हटले, ‘हो.’ पुढे दुसरे स्थळ आले तेव्हा तिने घरच्यांना बाजूला सारून स्वतःच मुलाकडच्यांना सांगितले, ‘माझा कागद हा आहे. तुमचा आणा, मग बोलू.’

आजीने पाट्याशेजारी ठेवलेला कागद सकाळी कोराच असायचा. या मुलीच्या हातातल्या कागदावर मात्र लिहिलेले होते, आणि ते तिला वाचता येत होते.